जनूभाऊ आणि थंड इंजिन

जनूभाऊ सकाळी साडेसहाला आमच्याकडे येतात, माझ्याशी एक शब्दही न बोलता अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकच्या बॉनेटवर पालथा हात ठेवतात, आणि मगच आमच्या ओटीवर यायचं की नाही ते ठरवतात. बॉनेट थंडगार असेल तर येतात. जराही कोमट लागलं तर तसेच मागे फिरतात आणि त्या दिवशी आमच्या घरचं पाणीदेखील घेत नाहीत.

एकदा मी भल्या सकाळी ट्रक माडाखालून दहा फूट पुढे घेतला. नारळ पडायला झाले होते, दुसरं काही कारण नव्हतं. जनूभाऊ आले, हात ठेवला आणि सुतकी चेहऱ्याने म्हणाले, "बाटवलास."

बायको आतून विचारायला लागली, कोण बाटलं म्हणून. "इंजिन," मी म्हटलं. तिला पटलं.

जनूभाऊ तीस वर्षं बोटीवर इंजिनखात्यात होते. त्यांनी जगातली सगळी बंदरं पाहिलीत असं वाडीतले लोक सांगतात. ते स्वतः म्हणतात, "बंदरां वरच्यांनी बघितली. मी खाली होतो." दोन वर्षांपूर्वी ते कायमचे गावी आले. त्यांच्या आणि आमच्या घराच्या मधे दगड रचून केलेला एक बुटका गडगा आहे आणि गडग्याला लागून माझा ट्रक. ट्रक बावीस वर्षांचा. चिऱ्याच्या खाणीवरून त्याने इतके चिरे वाहिले आहेत की निम्म्या तालुक्याच्या भिंती त्याला ओळखतात. सकाळी सुरू होताना तो आवाज करतो. त्या आवाजानेच जनूभाऊ पहिल्यांदा गडगा ओलांडून आले.

त्यांचं शास्त्र एका वाक्याचं आहे. "थंड इंजिन खरा बोलतंय. गरम झाला की माणसासारखा सांभाळून बोलतंय." म्हणून परीक्षा सकाळच्या पहिल्या मिनिटातच. मी चावी मारायची. त्यांनी लाटण्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटायचे. लाटणं आमचंच. पहिल्याच आठवड्यात "जरा दे" म्हणून घेतलं, ते परत पोळपाटावर गेलं नाही. त्या मिनिटभरात कोणी बोलायचं नाही, खोकायचंही नाही. मग निकाल. टिकटिक लगेच थांबली तर "चणे भाजतायत, तेल वर चढला की गप होतील." किर्र आवाज आला तर पट्टा ओला. खालून कोणी दार ठोकल्यासारखं वाजलं आणि तापल्यावरही वाजतच राहिलं, तर बेअरिंग. ते मात्र जनूभाऊ टोपी काढून सांगतात. माझ्या ट्रकचा निकाल दोन वर्षं एकच होता, "टॅपेट जरा सैल, बाकी घोडा हाय."

ही विद्या ट्रकपाशी थांबली असती तर बरं झालं असतं. एकदा ओटीवरून उठताना माझा गुडघा वाजला. जनूभाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. "चार पावलां चाल. आता वाजतो? नाय ना? मग काळजी नाय."

हसू नका. या माणसाच्या शब्दाला वजन आहे. पावस गावापासून हातखंब्यापर्यंत जुनी गाडी घेणारा आधी विचारतो, "जनूभाऊंनी आयकलीय काय?" त्यांच्या सख्ख्या पुतण्याने जीप विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाइकासमोर यांनी टोपी काढली. पुतण्या तेव्हापासून गणपतीला बोलावत नाही. "मी काय करणार? वाजत होता," एवढंच जनूभाऊ म्हणतात.

यंदा मी ट्रक विकायला काढला. माझा गुडघा तापल्यावरही वाजायला लागला होता आणि क्लच दाबवेना. राजापूरचे एक खाणवाले घ्यायला तयार झाले. मी त्यांना मुद्दाम सकाळी साडेसहाला बोलावलं, गाडी थंड असताना. जनूभाऊंना आदल्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "बरा." चहा अर्धाच ठेवून गेले.

सकाळी खाणवाले आले. मी चावी मारली. थोडी टिकटिक झाली, थांबली, रोजच्यासारखीच. जनूभाऊंनी लाटणं मात्र बराच वेळ कानाला धरून ठेवलं. मग डोळे न उघडताच म्हणाले, "बेअरिंग गेलाय. घाटात दगा देईल."

खाणवाल्यांनी त्यांना हात जोडले आणि आल्या पावली परत गेले. मी चावी हातात घेऊन तसाच उभा. "दोन वर्षं घोडा होता तो एका रात्रीत गाढव झाला?" मी ओरडलोच. जनूभाऊंनी लाटणं बॉनेटवर ठेवलं आणि गडग्यापलीकडे निघून गेले. टोपी डोक्यावरच होती. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी रागात होतो, बोलवायला गेलो नाही.

चौथ्या दिवशी दुपारी खाणवाल्यांचा फोन आला.

"अहो, ते तुमचे म्हातारे एसटीने इथे खाणीवर आलेत. चार गडीमाणसांसमोर म्हणाले, मी खोटं बोललो, गाडी चांगली आहे, घ्या. मी विचारलं, मग तेव्हा असं का सांगितलंत? तर म्हणतात, बायको गेल्यापासून घरात कसला आवाज नाही, सकाळचा तेवढा एक, तो जाऊ नये असं वाटलं. आता निघाले ते. मग गाडी न्यायला कधी येऊ?"

मला लाज वाटली. पुतण्यासाठी जो माणूस खोटं बोलला नाही, तो माझा व्यवहार व्हावा म्हणून भर उन्हात स्वतःला खोटारडा म्हणवून आला होता. आणि मी तीन दिवस शेजारी राहून गडगा ओलांडला नव्हता.

"गाडी विकायची नाही," मी म्हटलं.

"पण ते तर चांगली आहे म्हणाले!"

"म्हणूनच," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळच्या एसटीने जनूभाऊ उतरले. पायजमा खाणीच्या धुळीने गुडघ्यापर्यंत तांबडा झालेला. मला थांब्यावर बघून त्यांनी आधी न बघितल्यासारखं केलं.

"राजापूरला गेलेलो. जरा काम होता."

"झालं?"

"झाला. येईल तो गाडी न्यायला."

"नाही येणार. मी नको म्हणून सांगितलं."

त्यांनी वाकून पायजम्यावरची धूळ झटकली. मग त्यांनी विचारलं, "मग उद्या येऊ काय?"

दोन वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. "उद्या कशाला," मी म्हटलं, "आता जेवायलाच चला."

ते आले. आमच्या घरी जेवणाच्या वेळेला टीव्ही चालू असतो, कुकर शिट्ट्या मारत असतो आणि या दोघांच्या वरताण आवाजात बायको बोलत असते. मला संकोच वाटला. टीव्ही बंद करायला मी उठलो, तर जनूभाऊंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"असू दे," ते म्हणाले. "चालू असू दे."