आठ आकडी पासवर्ड

"आजोबा, तुमच्याकडे वाय-फाय नाहीये. मी इथे महिनाभर काय करू?" कादंबरीने बूट काढायच्या आधीच विचारलं.

यज्ञेश्वर सरांच्या शनिवार पेठेतल्या फ्लॅटमध्ये इंटरनेट होतं, पण वायरीचं. मुलाने, आमोदने, घर घेतानाच भिंतीतून वायरी टाकून घेतल्या होत्या. एक हॉलमधल्या कॉम्प्युटरला, दुसरी आतल्या खोलीत नुसतीच. नातीच्या टॅबला वायर लागत नव्हती. चाळीस वर्षं लोकांच्या मुलांना गणित शिकवलेल्या सरांना ही एक सुट्टी नातीबरोबर हवी होती. संध्याकाळी त्यांनी नवा राउटर आणला आणि आतल्या वायरीला जोडला.

टॅब सुरू झाला. हॉलमधला बायकोचा, वासंतीबाईंचा, ऑनलाइन गीतेचा वर्ग बंद पडला.

"अहो, अध्याय अर्धा राहिला. सगळ्यांना वाटेल, मी गेले."

हिंजवडीहून आमोद फोनवर म्हणाला, "बाबा, घरात आता जुना आणि नवा, दोन्ही राउटर यंत्रांना नंबर वाटतायत."

"म्हणजे एका वर्गात दोन मॉनिटर हजेरीचे नंबर देतायत. सातवा नंबर दोघांना."

"हां, तसंच. नव्याचं वाटप बंद करा."

सरांनी दहा मिनिटांत केलं. शाबासकी मिळाली नाही. "त्याचा ताबा माझ्या मोबाइलवरही ठेवतो," आमोद म्हणाला. "तुमचा भरवसा नाही."

मग सरांना युक्ती सुचली. पासवर्ड रोज बदलायचा, आणि तो म्हणजे एका गुणाकाराचं आठ आकडी उत्तर. उत्तर येईपर्यंत टॅबला इंटरनेट नाही. पहिल्या सकाळी कादंबरी तोंड पाडून शेजारी बसली. ६७८९ गुणिले ४३२१.

"चालत नाहीये."

"चालेल. तिसऱ्या ओळीत हातचा विसरलीस."

"हातचा म्हणजे कॅरी?"

"तोच. मोठ्या शाळेत गेला की इंग्रजी बोलतो."

चाळीस मिनिटं लागली. टॅब जोडला गेला तेव्हा ती आधी वहीकडे बघून हसली. सरांनी दुपारची झोप सोडून महिनाभराचे गुणाकार काढले, सोप्याकडून अवघडाकडे.

दुसऱ्या सकाळी ती आलीच नाही. आतून कार्टूनचा आवाज येत होता. सरांनी वही घेऊन दार ढकललं.

"बाबांनी पासवर्ड बदलला," ती मान वर न करता म्हणाली. "मी काल त्यांना सांगितलं."

आमोदचा मेसेजही येऊन पडला होता. 'बाबा, सुट्टीत तरी सोडा तिला. सोपा पासवर्ड टाकलाय, तुमच्याही लक्षात राहील.' खाली एकपासून आठपर्यंतचे आकडे.

सर हॉलमध्ये येऊन बसले. वासंतीबाईंनी मोबाइल पुढे केला. "मलाही जोडून द्या. काय आहे आजचं उत्तर?"

सरांनी सांगितलं.

"ओळीने?"

"ओळीने."

"छान," वासंतीबाई म्हणाल्या. "आमोदला गणित तुम्हीच शिकवलंत ना?"