खोल गळ्याचा अज्ञात गायक

तुम्हाला म्हणून सांगते, आत्मविश्वास ही वस्तू माझ्याकडे यंदाच आली, आणि आली ती ट्रक भरून आली! त्याआधी मी वर्गात "हजर" म्हणतानासुद्धा बाकाखाली शिरायचे. मग वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि तोंडाचा नळ जो सुटला तो सुटलाच. काका मला "रेडिओ" म्हणायला लागला. म्हणू दे! त्या रविवारी या रेडिओनं त्याला ठणकावून सांगितलं, "आज मी असं काही ऐकवणार आहे की तुम्हाला मला खुर्ची द्यावीच लागेल!"

खुर्चीचं प्रकरण असं. आमच्या घराच्या तळमजल्यावर आमची लाँड्री. वरच्या खोलीत माझा काका आणि त्याच्या तबकड्या. तबकड्या म्हणजे जुन्या काळ्या रेकॉर्ड्स, त्याही फक्त अमेरिकेतल्या सोल संगीताच्या. सोल म्हणजे काय ते काका नीट सांगू शकत नाही. "गळ्यातून न गाता पोटातून गायलेलं," एवढं म्हणतो आणि डोळे पुसतो. दर रविवारी दुपारी त्याचं मंडळ जमतं. मंडळ म्हणजे काका, दाताचे डॉक्टर आणि आमच्या शाळेच्या भूगोलाच्या बाई. हो, शाळेच्याच! रविवारी त्या गाण्यावर मान डोलावतात आणि सोमवारी माझ्या नकाशात चुका काढतात.

मंडळाचा एक नियम आहे. बाहेर म्हणे असे शौकीन असतात, जे दुर्मिळ तबकडीच्या लेबलवर कोरा कागद चिकटवतात. का, तर गायकाचं नाव दुसऱ्याला कळू नये! आमच्याकडे असल्या माणसाला चहासुद्धा मिळणार नाही. इथे तबकडी वाजली की फेरी होते. ज्याला जे ठाऊक असेल ते त्यानं सगळं सांगायचं. कोण गायलं, ढोल कुणी वाजवला, स्टुडिओचं छप्पर गळत होतं का, सगळं. आणि जो कुणी अशी तबकडी आणेल की फेरीत कुणालाच ओळखता येणार नाही, त्याला चौथी खुर्ची. तोवर लाकडी खोक्यावर बसायचं. त्या खोक्याचे खिळे मला व्यक्तिशः ओळखायला लागले होते.

तर, माझी तबकडी. जुन्या सामानाच्या दुकानात एका कपाटाच्या खणात तळाला अंथरलेली सापडली. जेवणाच्या ताटाएवढी मोठी, लेबल पांढरंशुभ्र. अक्षर नाही, आकडा नाही.

"कुणीतरी लपवलंय!" बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "मुद्दाम कोरं लेबल लावलंय. म्हणजे चीज मोठी आहे."

"लाव, रेडिओ, लाव," काका म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

लावली. मोठी तबकडी म्हणजे संथ वेग, छोटी तबकडी म्हणजे जलद वेग, हे इथे दुधाच्या दातांबरोबर येतं. प्लेयरचं वेगाचं बटण संथवरच होतं. सुई टेकली.

आणि काय सांगू! शोकसभेच्या चालीनं ढोल सुरू झाला. मग एक आवाज आला. पुरुषाचा, जाड, खोल. विहिरीच्या तळाशी बसून कुणीतरी जुनी पत्रं जाळत असावं तसा! शब्द नीट कळत नव्हते, त्यामुळे तर तो आणखीच खोल वाटत होता. गाणं संपलं तरी सुई खर्र खर्र करत राहिली आणि कुणी उठेना.

"काका, फेरी," मी हळूच म्हटलं.

काकानं घसा साफ केला. "मला माहीत नाही," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं जन्मात पहिल्यांदा उच्चारलं असावं, कारण लगेच त्याला ते सोसेना. "पण माणूस पन्नाशीपुढचा. नक्की. असा आवाज सोसल्याशिवाय येत नाही."

"दमट हवेतला गळा आहे," बाई म्हणाल्या. "नदीचं खोरं. कदाचित त्रिभुज प्रदेश."

मग माझी पाळी आली. स्पर्धा जिंकलेली मुलगी "माहीत नाही" म्हणून खाली बसते का? मी उभी राहिले. "हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे कोरसमध्ये उभा राहिला!" मी म्हटलं. "पुढे येऊन गायची ही त्याची एकुलती एक संधी. आणि त्यानंतर तो... परत गेला!"

"कुठे?" बाईंनी विचारलं.

"आपल्या नदीच्या खोऱ्यात!"

मी हे त्या क्षणी रचलं होतं. पण चहा येईपर्यंत काकाच मला समजावून सांगत होता, "कोरसमध्ये गायलेला ना तो, म्हणून श्वास इतका लांब!" ज्ञान वाटलं की वाढतं म्हणतात ना, ते आमच्या खोलीत ताकासारखं पाणी घालून वाढत होतं.

शेवटी राहिले डॉक्टर. डॉक्टर फेरीत कधीच "हं" च्या पुढे जात नाहीत. दिवसभर लोकांना "आ" करायला लावतात, बहुधा त्यामुळे स्वतःचं तोंड मिटलेलं ठेवतात. पण आज ते खिडकीकडे बघत म्हणाले, "माझा दादा असाच गायचा. सायकल पुसताना. वडील गेल्यावर घराच्या वाटणीवरून आमचं वाजलं. मी तेव्हा त्याला फार वाईट बोललो."

मी श्वासच घेतला नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना त्याची किंमत कळेल.

डॉक्टर उठले, खाली लाँड्रीत गेले आणि आमच्या फोनवरून भावाला फोन लावला. आई नंतर सांगत होती, कितीतरी वेळ ते नुसतं "दादा... मी... हो, मीच" एवढंच म्हणत होते. वर आले तेव्हा चष्मा हातात होता. "पुढच्या रविवारी येतोय. म्हणाला, माझ्यासारखा गाणारा कोण तो, बघतोच."

त्याच झपाट्यात काकानं विश्वकोशाला निरोप धाडला. विश्वकोश म्हणजे दुसऱ्या गावचे एक दाढीवाले गृहस्थ, ज्यांना सोलमधलं सगळं ठाऊक आहे आणि ज्यांना हे सगळ्यांना ठाऊक असावं असं वाटतं. "अज्ञात गायक सापडला आहे. या."

आणि मला खुर्ची मिळाली! काकानं स्वतः पुसून दिली. मी तिच्यावर अशी बसले, जणू राज्याभिषेक चाललाय आणि प्रजा थोडी कमी पडली आहे.

त्या आठवड्यात मधल्या एका वारी मी काकाच्या खोलीत एकटीच रविवारच्या भाषणाची तयारी करत होते. तबकडी चालू होती. एका हातानं धूळ पुसत, दुसऱ्या हातानं हावभाव करत मी "नदीच्या खोऱ्यात..." म्हणाले आणि फडकं बटणावरून फिरलं.

खोल गळ्याचा माणूस दचकला, धावत सुटला, आणि धावता धावता मुलगी झाला!

खरंच मुलगी! असेल माझ्याएवढी, फार तर दोन वर्षांनी मोठी. ढोल नुसता उड्या मारत होता. आणि आता शब्दही लख्ख कळत होते. गाणं नव्या बुटांबद्दल होतं. नवे बूट घेतलेत, पाय घरात ठरत नाहीत, बस्स! सोसणं नाही, खोरं नाही. बूट!

खालून आई ओरडली, "अगं, आज छान लावलंयस गं! आणि रविवारी काय ती म्हैस रडवत होतात सगळे मिळून?"

मी काकाला जिन्यातून ओढतच वर आणलं. दोन्ही वेगांनी ऐकवलं. काका हळूहळू खोक्यावर बसला. खुर्ची मोकळी होती, तरी खोक्यावर!

"मोठी तबकडी..." तो पुटपुटला. "पण नाचघरांसाठी काही मोठ्यासुद्धा जलद काढायचे. आवाज दणक्यात यावा म्हणून. मला ठाऊक होतं गं! कसं सुचलं नाही?"

"तुम्हाला रडायचं होतं," मी म्हटलं.

"शहाणपणा करू नकोस. विश्वकोश एका सेकंदात ओळखेल."

"विश्वकोशाचं जाऊ दे. डॉक्टरांचं काय?"

सकाळीच डॉक्टर शर्ट इस्त्रीला टाकून गेले होते. "रविवारी घालायचाय, कॉलर जरा कडक करा," असं आईला दोनदा बजावून. आईला म्हणाले, "त्या गाण्यानं धीर दिला हो. त्या माणसाला इतक्या उशिरा गाता आलं, मग मला एक फोन का करता येऊ नये?" तो माणूस मी बनवला होता! बसल्या जागी, चहाच्या आधी!

"सोमवारी सांगू," काका म्हणाला. "भाऊ परत गेल्यावर. तोवर या बटणाला कुणी हात लावायचा नाही." आणि त्यानं बटणावर चिकटपट्टी लावली. लेबलं झाकणाऱ्यांना चहा न देणारा माझा काका! चिकटपट्टी लावताना त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

रविवार उजाडला. बाई नवी साडी नेसून आल्या. विश्वकोश आले आणि आल्या आल्या त्यांनी आमच्या तीन तबकड्यांची माहिती सुधारली. मग जिना करकरला आणि डॉक्टरांच्या मागून त्यांचे दादा आत आले. दार भरून गेलं एवढा माणूस! खांदे पडलेले, पाय जरा ओढत चालणारे. पहाटेची गाडी पकडून आले होते. दोघं भाऊ एकमेकांकडे बघायचं सोडून खोलीतलं बाकी सगळं बघत होते.

"बसा दादा," डॉक्टर म्हणाले. स्वतःच्या भावाला "बसा"! मग त्यांनी माझ्याकडे वळून म्हटलं, "हिनं शोधलं. सांग गं दादाला त्या माणसाची गोष्ट. कोरसची."

मी उभी राहिले. मुद्दे तयार होते, हावभाव तयार होते. दादा पुढे झुकून ऐकायला लागले, हात गुडघ्यांवर, शाळेत पहिल्या दिवशी बसतात तसे. मी कधी इतकं मन लावून ऐकणारं माणूस पाहिलं नव्हतं. स्पर्धेत परीक्षकसुद्धा घड्याळ बघत होते.

"तो माणूस..." मी सुरू केलं. नळ बंद! एक थेंब येईना.

"तो माणूस नाहीच," मी म्हटलं. "मी रचला होता. गाणं दुसऱ्याच वेगाचं आहे." आणि काकाकडे न बघता चिकटपट्टी फर्रकन ओढली, बटण फिरवलं, सुई ठेवली.

मुलगी गायला लागली. बूट, बूट, पाय ठरत नाहीत! त्या शांततेत इतकं आनंदी गाणं मी कधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. बाईंचा त्रिभुज प्रदेश चेहऱ्यावरून ओसरत गेला. डॉक्टर कॉलरसकट लाल झाले.

गाणं संपल्यावर पहिले बोलले विश्वकोश. "अहो, ही हजारोंनी काढलेली! नाचघरांना फुकट वाटायचे, म्हणून कोरं लेबल. माझ्याकडे चार आहेत. एकीवर कुंडी ठेवतो."

डॉक्टर उठले. "दादा, माफ कर. तुला उगीच एवढ्या लांबून..."

"छोट्या, बस खाली," दादा म्हणाले. आवाज! खोक्याचे खिळेसुद्धा ताठ झाले असतील. "तो माणूस खरा निघाला असता तर तू त्यालाच ऐकत बसला असतास. मला कशाला बोलावलं असतंस?" मग ते माझ्याकडे वळले. "बाळ, याला गेल्या वेळी ऐकवलीस तशी लाव. चुकीची."

मी बटण मागे फिरवलं. ढोल पुन्हा संथ झाला. तोच खोल गळा आला, आणि दुसऱ्या ओळीला त्याच्या खाली आणखी एक गळा आला. दादा शब्द माहीत नसताना, नुसत्या स्वरात, जमिनीकडे बघत गुणगुणत होते. डॉक्टरांनी हळूच आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीला भिडवली. काका चिकटपट्टीचा बोळा बोटांत चुरत बसला होता आणि या वेळी डोळे पुसायलाही विसरला होता.

सुई खर्र खर्र करायला लागली.

"फेरी," काका घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कुणाला काही ठाऊक?"

"नाही," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी मान हलवली.

सगळ्यांनी विश्वकोशांकडे पाहिलं. त्यांनी दाढी खाजवली, तबकडीकडे पाहिलं, दोन्ही भावांकडे पाहिलं. "ही," ते म्हणाले, "माझ्याकडे नाही."

म्हणजे नियमानुसार बघा! तबकडी मी आणली आणि फेरीत कुणालाच ओळखता आली नाही. खुद्द विश्वकोशालाही! म्हणजे खुर्ची कायदेशीरपणे माझीच. हा मुद्दा मी तीन उपमुद्द्यांसह मांडणार होते. पण खुर्चीवर दादा बसले होते, आणि ते काकाला विचारत होते, "दर रविवारी असतं ना हे? मग मी येत जाईन म्हणतो."

त्यामुळे सध्या मी उभ्यानेच ऐकते. खोक्यावर विश्वकोश बसतात.