एका चालीची फटफटी

मोटारसायकलीतलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या तुळजापूर तालुक्यात कुणाला कळत नाही, असं मी त्र्याहत्तर सालच्या चैत्रापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. आता सांगत नाही. का, ते ऐका!

मी मच्छिंद्र, गावच्या सेवा सोसायटीचा सेक्रेटरी. माझ्याकडे लष्कराच्या लिलावातून आणलेली जुनी फटफटी होती. नांगरट, ओढा, काटे, दगडगोटे, कशालाही भीक न घालणारी! तिची खोड एकच, ती चालू व्हायची नाही. कार्बोरेटर गळका, आणि मॅग्नेटोची ठिणगी इतकी मरतुकडी की तिच्यावर विडीसुद्धा पेटली नसती.

एरवी मी ढकलत नेली असती. पण त्या वर्षी दुष्काळानं गावाचं नरडं आवळलं होतं. विहिरींचे तळ उघडे पडलेले, बायका दोन कोसांवरून पाणी आणत होत्या. माझी बायको मालन तर अर्ध्या तांब्यात माझी आंघोळ उरकायला सांगायची. अशात निरोप आला, टंचाईचे साहेब बुधवारी विहिरी तपासायला येणार! विहिरी खरंच कोरड्या दिसल्या तर टँकर, आणि एक जरी इंजिन पाणी उपसताना आढळलं तर टँकर रद्द. साहेबांची जीप बिघडलेली, म्हणून ते एस्टीनं फाट्यावर उतरणार आणि तिथून रानारानानं त्यांना विहिरींवर फिरवायची जबाबदारी माझी!

"जमंल का रं तुला?" आमचे चेअरमन आबाराव यांनी तेर गावी लेकीकडे जाताना विचारलं.

"तुम्ही बिनघोर जा!" मी म्हणालो.

सोमवारी फटफटी बैलगाडीत घालून मी तुळजापूरला शिवलिंगप्पा मिस्त्रीकडे नेली. त्यानं दोन कार्बोरेटर माझ्यापुढं मांडले.

"ह्यो तुमचाच जुना, जेट बदलून देतो. ह्यो दुसरा स्कूटरचा. बारका हाय, पन चढावर धापा टाकंल. ठिणगीला म्यागनेटो काडून ब्याटरी-कॉयल बशिवतो. आठ दिस लागतील बगा."

"आठ दिवस? साहेब परवा येतोय!"

मी पिशवीतून माझा हुकमी पत्ता काढला. आबारावांच्या विहिरीवरच्या इंजिनाचा कार्बोरेटर आणि मॅग्नेटो! विहीर दसऱ्यापासून कोरडी, इंजिन नुसतं गंजत पडलेलं. आबाराव तेरला होते. गावाच्याच कामाला वापरायचं, त्यात विचारायचं काय? साहेब गेला की जिथल्या तिथं लावून टाकू!

शिवलिंगप्पानं मॅग्नेटो फिरवला. अशी निळीशार ठिणगी पडली की मी टाळीच वाजवली.

"ठिणगी झ्याक हाय," तो म्हणाला. "पन शेक्रेटरी, हे विहिरीवरच्या इंजिनाचं सामान. ते एका जागी, एका चालीनं चालतं. हळू, जोरात ह्याला कळत न्हाय. पेट्रोलवर चालू व्हनार, मग रॉकेलवर पळनार. अन् बंद करायची ही पत्र्याची पट्टी प्लगला टेकवायची."

"माझ्या हातात सगळं कळेल त्याला! लाव तू!"

बुधवारी सकाळी फटफटी तुळजापुरातून निघाली. काय सांगू! पहिल्याच किकला चालू! पांढरा धूर, रॉकेलचा वास आणि आवाज टुक-टुक-टुक-हुक्क! दर तीन ठोक्यांनंतर एक खोकला. असेल बारीकसारीक काहीतरी, म्हणून मी दुर्लक्ष केलं. मूठ पिळली तरी वेग तोच आणि सोडली तरी तोच! वाटेत दोन शेळ्या वाचल्या त्या स्वतःच्या हिमतीवर. फाट्यापाशी येता येता बंद करायची पट्टीही कुठंतरी गळून पडली. पण साहेब समोर उभे होते. टोपी, चष्मा, बगलेत वही.

मी क्लच दाबून धरला. इंजिन किंचाळायला लागलं.

"बंद करा की जरा!" साहेब ओरडले.

"पुन्हा चालू व्हायला वेळ लागेल साहेब! बसा तुम्ही!"

ते बसले. मी क्लच सोडला. फटफटीनं अशी उडी घेतली की साहेबांची टोपी फाट्यावरच राहिली.

"टोपी! अहो, टोपी!"

"येताना घेऊ साहेब!"

रानातून आम्ही सुटलो. खरं सांगतो, गाडीनं नांगरटीत दगा दिला नाही. ओढा तर तिनं असा ओलांडला की साहेबांनी मला मागून मिठीच मारली. तेवढ्यात डाव्या हाताला दुष्काळी कामावर खडी फोडणारी आमच्या गावची माणसं दिसली. मी अभिमानानं हात हलवला. पण त्यांनी हातोडे टाकले आणि पळत सुटली! बाया लुगडी खोचून, बाप्ये धोतर सावरत, सगळे गावाकडं!

"हे लोक का पळताहेत?" साहेबांनी कानात विचारलं.

"तुमच्या स्वागताला असतील, साहेब."

मला तरी कुठं ठाऊक होतं! पण बाभळीआडून ओरडा ऐकू आला.

"आबारावाचं इंजिन चालू झालं! पानी लागलं गं! पानी लागलं!"

टुक-टुक-टुक-हुक्क! अरे देवा! तो खोकला मॅग्नेटोचा होता, आणि दहा वर्षं अख्खं गाव तो ऐकत आलं होतं! त्या खोकल्यावर बायका धुण्याला निघायच्या, पोरं डुंबायला पळायची. सहा महिने गप्प असलेलं इंजिन बोललं म्हटल्यावर घरात कोण बसणार? आणि माझ्या मागे बसला होता तो एकुलता एक माणूस, ज्याच्या कानी हा आवाज पडायला नको होता!

मी गाडी दुसऱ्या विहिरीकडे वळवावी म्हणून क्लच दाबला. कटकन आवाज झाला. क्लचची तार तुटली! ब्रेकला तर ती कधीच जुमानत नव्हती. आता थांबणं नाही, हळू होणं नाही. बांधाची वाट सरळ आबारावांच्या विहिरीवर जात होती आणि आम्हीही.

विहिरीभोवती जत्रा! घागरी, कळश्या, बादल्या, पिंप घातलेली बैलगाडी, दोन म्हशी. भिमाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन सगळ्यात पुढं. गर्दीत घुसलो तर माणसं मरतील, म्हणून मी विहिरीला वळसा घातला. मग दुसरा. मग तिसरा!

"थांबव!" साहेब.

"थांबत न्हाय साहेब!" मी.

"प्रदक्षिना घालत्यात गं!" म्हणून भिमाबाईनं मूठभर कुंकू उधळलं, ते साहेबांच्या चष्म्यावर. कुणीतरी नारळ फोडला. मी वाकून रॉकेलची तोटी बंद केली, पण कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या रॉकेलवर फटफटीनं आणखी दोन फेऱ्या ओढल्या आणि मगच ती शेवटचं खोकून थांबली.

साहेब उतरले. लालभडक तोंड, निम्मं कुंकवानं आणि निम्मं रागानं.

"विहिरी कोरड्या म्हणून अर्ज करता, आणि इथं सगळे ओरडताहेत इंजिन चालू, पाणी लागलं, वर पूजा चालू? कुणाचं आहे ते इंजिन?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेरहून नुकतेच परतलेले आबाराव गर्दी सारत पुढं आले. डोळ्यांत पाणी, छाती पुढं.

"माझं हाय साहेब! खोकल्यावरनं वळकलं! आसं इंजिन जिल्ह्यात न्हाय!"

झालं! साहेबांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. एका कार्बोरेटरपायी मी दीड हजार माणसांचं पाणी घालवलं होतं! तेवढ्यात भिमाबाईनं दोर लावून घागर विहिरीत सोडली. दोर सरसर गेला, सगळा संपला आणि खालून ठण्ण आवाज आला. तिनं घागर वर ओढली, उपडी केली. चिमूटभर धूळ पडली.

"कुटं हाय गं पानी?" एवढंच म्हणून ती घागरीजवळ खाली बसली. मला तिच्याकडं बघवेना.

मी साहेबांचे पाय धरले आणि सगळं कबूल केलं. फटफटीचा कार्बोरेटर दाखवला, आबारावांचं सोलून ठेवलेलं इंजिन दाखवलं. आबारावांनी त्या रिकाम्या जागेला हात लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं की साहेब मध्ये उभे होते म्हणून बरं. साहेबांनी माझ्या धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, विहिरीत बराच वेळ वाकून पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'पाणी नाही. टँकर तातडीने द्यावा.' मग टोपी आणायला पायी फाट्यावर निघाले. मी सोडायला येतो म्हणालो तर पळतच सुटले.

तिसऱ्या दिवशी टँकर आला! ड्रायव्हरनं चावडीपुढं उभा करून इंजिन घुरघुरवलं, हॉर्न वाजवला. गावातून एक घागर बाहेर येईना! मी दारोदार पळत सुटलो.

"मावशी, पाणी आलंय! खरंच!"

"जा मेल्या!" भिमाबाई आतूनच ओरडली. "आता इंजिनाच्या आवाजाला कोन भुलतंय?"

ड्रायव्हर घड्याळ बघायला लागला. "घेनार न्हाय तर म्होरल्या गावाला जातो."

मी टँकरखाली घागर भरली, गावाच्या मधोमध उभा राहिलो आणि अख्खी घागर डोक्यावर ओतून घेतली. ओलाचिंब माणूस दिसल्यावर मात्र गाव असं धावलं की मला कोपऱ्यात सारून दिलं.

घरटी दोन घागरी, असं आबारावांनी जाहीर केलं आणि वहीत माझ्या नावापुढची एक घागर लगेच खोडली. मालन उरलेली एक घागर डोक्यावर घेऊन निघाली. माझ्याजवळ क्षणभर थांबली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तसंच घरी चला. धोतर परातीत पिळायचंय."