खेडेकरांचं शनिवारचं बाळंतपण

दर शनिवारी दुपारी डॉक्टर खेडेकर बाळंत होत. कोट खुंटीला, पोटावर चादर, आणि झुपकेदार मिशांतून असं कण्हणं, की पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं घाबरून धावत यावं.

रत्नागिरीतल्या आमच्या धर्मादाय इस्पितळात तेव्हा सुइणींचे दोन वर्ग चालत. एकाला शिकवायला ते, एकाला मी. शिकवायचं कसं, हे दोघांनाही कोणी शिकवलेलं नव्हतं. डॉक्टरीची सनद मिळाली की शिकवता येतंच, अशी वरच्या मंडळींची समजूत. माझीही तीच होती. मी पुस्तकातला मजकूर सांगे, बायका उतरवून घेत आणि "कळलं?" म्हटलं की माना हलवत. परीक्षेत तेच ओकत आणि पास होत. सगळे खूश.

खेडेकरांचंही आधी असंच चाले. पण एका पावसाळ्यानंतर त्यांचं डोकं फिरलं. टेबलावर आडवे पडून ते केळशीची गर्भार बाई होत आणि गर्भारपणात काय जपायचं ते समजवायला एकेकीला बोलावत. तिनं पुस्तकी भाषेत सुरुवात केली की चादरीतून आवाज येई, "काय बोलतेस गो? मला काय एक कळला नाय. परत सांग." कितीही सांगितलं तरी ह्या बाईच्या डोक्यात प्रकाश पडत नसे. विद्यार्थिनी आधी पदर तोंडाला लावून हसत, मग रडकुंडीला येत. आणि एखादीनं नुसती मान हलवली, तर गर्भारपण विसरून खेडेकर ताडकन उठून बसत. "मान हलवू नको, बोल!"

मलाही त्यांनी टेबलाशी उभं राहून समजावून बघायला सांगितलं होतं. मी डॉक्टर आहे, नाटक कंपनीतला नट नाही, असं मी सुनावलं. त्यांच्या वर्गातल्या बायका मात्र हळूहळू माणसांसारखं बोलायला लागल्या. माझ्या पुस्तकच म्हणत राहिल्या.

मग मुंबईहून तपासणीला साहेब आले. आगबोट लागून आधीच बेजार, आणि आले नेमके शनिवारी. दारात उभं राहून त्यांनी खेडेकरांच्या दोन कळा पाहिल्या आणि तिथल्या तिथे वर्ग काढून घेतला. माझं शिकवणं त्यांना नमुनेदार वाटलं, म्हणून दोन्ही वर्ग माझ्या गळ्यात. असल्या लोकांच्या हातात शिक्षण असतं, ह्याचा मला आजही संताप येतो.

संध्याकाळी खेडेकर मांडवीच्या धक्क्यावर बसलेले सापडले. सुटलात एकदाचे, असं मी म्हटलं.  ते म्हणाले, त्यांची धाकटी बहीण केळशीला दिली होती. तिथली सुईण त्यांच्याच वर्गात पहिली आलेली. पाय सुजले, डोकं दुखायला लागलं, तर लगेच डॉक्टरकडे न्यायचं, हे तिनं गर्भार बहिणीला सांगितलं होतं. खेडेकरांनी उतरवून दिलेल्या भाषेत, शब्दन् शब्द. बहिणीनं मान हलवली. त्या पावसाळ्यात पाय सुजले तरी ती घरातच कामं करत राहिली आणि एके दिवशी आकडी आली, त्यातच दगावली.

"पण कळलं नाही तर तिनं विचारायचं होतं," मी म्हटलं.

"कशी विचारील? लहानपणी तिला अक्षरं मीच शिकवली," खेडेकर म्हणाले. "काही विचारलं की टपली मारायचो."