पुरुभाऊंच्या कॉम्प्युटरचं सुतक

पुरुभाऊ वाघोलीकर वारले तेव्हा त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरने सुतक धरलं आणि दहा दिवस कोणालाही आत घेतलं नाही. याबद्दल नगरपालिकेत कोणाची तक्रार नव्हती. ज्याला सुतक लागतं त्याने ते पाळायचं असतं. अडचण आली ती पुढे, कारण सुतक फिटलं तरी तो उघडेना.

पुरुभाऊ पाणीपट्टीचे कारकून. गावाची सगळी बिलं त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये. मी शेजारच्या टेबलावर बसून जावक पत्रांना शिक्के मारतो. पूर्वी पासवर्ड होते तेव्हा हा प्रसंग आलाच नसता. सगळ्यांचे पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी लिहिलेले असत, आणि कोणी मेलं तरी काम अडत नसे. मग वरून आदेश आला की पासवर्ड बंद, यापुढे कॉम्प्युटरने माणूस ओळखायचा. आधी चेहरा, चेहरा पटला नाही तर बोट, बोट पटलं नाही तर पिन. आमचे घोडके तोंडात तंबाखूचा बार असताना फोटोला बसले, त्यामुळे आजही गाल फुगवल्याशिवाय त्यांना कामाला लागता येत नाही. पुरुभाऊंचं तसं नव्हतं. ते खुर्चीला टेकायच्या आत पडदा उजळायचा. घरीसुद्धा इतक्या लवकर कोणी कडी काढत नाही, असं ते म्हणायचे.

घोडक्यांनी पिन म्हणून पुरुभाऊंची जन्मतारीख घालून पाहिली, लग्नाची तारीख घातली, स्कूटरचा नंबर घातला. पडदा म्हणाला, 'कृपया नंतर प्रयत्न करा.' नंतर म्हणजे कधी, ते त्याने सांगितलं नाही. शेवटी तो आमच्याच ऑफिसचा.

गावात बिलं गेली नाहीत. गाव अतिशय समाधानात होतं. पण मुख्याधिकारी तांबोळी मॅडमना वरून फोन येऊ लागले, तेव्हा त्यांनी जिल्ह्याहून इंजिनियर बोलावला. त्याचं नाव लोखंडे. त्याने कॉम्प्युटरला पुढून-मागून हात लावून पाहिला आणि म्हणाला, "यात बिघाड नाही. इच्छा राहिलीय."

"कोणाची?" मॅडमनी विचारलं.

"ज्यांचा चेहरा आत आहे त्यांची."

"मग नियमाने काय करायचं?"

"पिंडाला कावळा शिवला नाही तर घरचे काय करतात, मॅडम? हात जोडून शब्द देतात. अमुक करू, तमुक बघू. बरोबर शब्द आला की कावळा शिवतो. इथेही तेच."

"आणि नाहीच शिवला तर?"

"मग दर्भाचा कावळा करून शिववतात. आम्ही त्याला फॉर्मॅट म्हणतो. बिलं दुसरीकडून परत भरता येतील. त्यांचा चेहरा, बोट आणि पिन मात्र पुसून जाईल. मी संध्याकाळपर्यंत थांबतो."

मग आम्ही एकेक जण पुढे झालो. मॅडमनी शब्द दिला की पुरुभाऊंच्या बढतीचा कागद पुढे पाठवीन. पडदा काळाच. घोडके म्हणाले, तुमच्या डोक्यावरचा पंखा मी माझ्याकडे फिरवून घेतला होता, तो परत फिरवतो. फिरवलाही. काही नाही. मी घोडक्यांच्या वतीने शब्द दिला की ते यापुढे वेळेवर येतील. घोडके म्हणाले, शब्द ज्याचा त्याने द्यायचा असतो. हे बरोबर होतं.

दुपारी कुमुदवहिनी आल्या, पुरुभाऊंच्या पत्नी. कोणीतरी त्यांना कळवलं होतं. दहाव्याला नदीवर मुलगा पान ठेवून मागे सरला नाही तोच कावळा येऊन शिवला होता. लोकांनी घरी येऊन कौतुकाने सांगितलं, काही मागे ठेवलं नाही माणसाने, तृप्त होऊन गेला. वहिनी तेव्हा काहीच बोलल्या नव्हत्या. आता त्या दारात उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "सातपुते भाऊजी, ह्यांचं काहीतरी राहिलंय म्हणतात. खरं का?"

"खरं आहे, वहिनी."

"इथे राहिलंय?"

"इथेच."

"घरी काहीच राहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "इतका संसार केला, आणि कावळ्याला क्षणभरसुद्धा थांबावं लागलं नाही."

मी त्यांना पुरुभाऊंच्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी पदर सारखा केला, हात जोडले आणि सांगायला लागल्या. मुलाला पुण्याहून इकडे बोलावून घेते. काशीला जाऊन येते. धाकट्या नणंदेशी बोलायला लागते. हे शेवटचं त्यांना जड गेलं, पण बोलल्या. पडदा काळाच राहिला.

मग त्यांनी हात खाली घेतले आणि इकडेतिकडे बघितलं. "हीच का ती खिडकी?" त्या म्हणाल्या. "दर रविवारी म्हणायचे, एकदा ऑफिसला ये. माझ्या खुर्चीवर बस, खिडकीतून पाण्याची टाकी दिसते ती बघ, आमच्या बबनच्या हातचा चहा पी. मी म्हणायची, ऑफिसात काय बघायचंय."

कॉम्प्युटरच्या कपाळावर कॅमेऱ्याचा बारीक दिवा लागला.

बबन आमचा शिपाई. तीनदा हाक मारल्याशिवाय तो उठत नाही. तो आपणहून उठला आणि चहा करून घेऊन आला. त्याने कप वहिनींच्या पुढे ठेवला, तसा पडदा उजळला आणि त्यावर एक निळं वर्तुळ फिरायला लागलं.

"प्या, काकू," लोखंडे हळूच म्हणाला. "होतंय."

वहिनींनी कप ओठांपर्यंत नेला आणि थांबल्या. "प्यायले की काय होईल?"

"उघडेल."

"आणि ते?"

लोखंडेने मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "ते मोकळे होतील, ताई."

"मोकळे म्हणजे?"

"म्हणजे जातील," मी म्हणालो. कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

वहिनींनी कप बशीत ठेवला. "उद्या पिते," त्या म्हणाल्या.

वर्तुळ थोडा वेळ फिरलं आणि थांबलं. घोडके घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, गेलेल्या माणसाला असं अडकवून ठेवू नये. त्रास होतो त्याला."

"माहितेय मला," वहिनी म्हणाल्या. "होऊ दे थोडा."

लोखंडे म्हणाला, मग मला फॉर्मॅट करावं लागेल. मॅडमनी त्याला थांबवलं. "त्यांनी नाही म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "उद्या म्हटलंय. या इमारतीत उद्या म्हणणं हा नकार धरत नाहीत." लोखंडेने कार्यवाही चालू असल्याचं लिहून घेतलं आणि तो जिल्ह्याला परत गेला.

तेव्हापासून वहिनी रोज दुपारी येतात. खुर्चीवर बसतात, टाकी बघतात. गॅस संपला, मुलाचा फोन आला, नणंद अजून तशीच आहे, असं पडद्याला हळू आवाजात सांगतात. बबन चहा आणतो. त्या कपाभोवती दोन्ही हात धरून बसतात, आणि वाफ असेपर्यंत वर्तुळ फिरत राहतं. मग चहावर साय धरते. वहिनी उठतात, "उद्या पिते हं," म्हणतात आणि निघतात.

त्या जिना उतरेपर्यंत कॅमेऱ्याचा दिवा चालू असतो. मग तो विझतो, आणि आम्ही खिडक्या लावून घेतो.