नजीरचाचा आणि आमचा पंखा

आमच्या घरी आले की शेजारचे नजीरचाचा आधी पंखा बंद करतात. मग टीव्ही. एकदा तर बायको मिक्सरवर चटणी वाटत होती, तिथं जाऊन त्यांनी बटण दाबलं आणि मगच खुर्चीत बसले. भोकरदनच्या निम्म्या वराती ज्यांच्या बँडनं गाजवल्या, त्यांना आता पंख्याची घरघर सोसत नाही, ही गंमत आम्ही येईल त्याला सांगायचो.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. हातपाय सावरले, बोलणं गेलं. उरला एकच शब्द, ‘बिलकुल’. चहा हवा, बिलकुल. नको, बिलकुल. कुत्रं अंगावर आलं तरी बिलकुल! त्यांची नक्कल मी हुबेहूब करायचो. लग्नकार्यात फर्माईश व्हायची. लिहितानाही लाज वाटते, पण करायचो.

यंदा मे महिन्यात आई गेली. पाचव्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. चाचा आले, पंखा बंद केला, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्यासमोर उभे राहिले. ओठ हलले. तेवढ्यात कुणाचा तरी मोबाईल वाजला. त्यांची मान तिकडे वळली. नजर परत माझ्याकडे आली तेव्हा तोंडातून निघालं, "बिलकुल."

मेहुणा फस्सकन हसला. मी मात्र भडकलो. "चाचा, घरात सुतक आहे, काही कळतं का?" असं ओरडत त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

दुपारी चाची आल्या. रागावल्या नाहीत, तेच जड गेलं.

"बेटा, त्यांला एका टायमाला एकच आवाज झेपतो. दुसरा आला का ध्यान फुटतं, मंग बोल सापडत न्हाई. तुला एक गोष्ट इचारायची म्हून चार दिसांपासून घोकून राह्यलेत."

मी तसाच त्यांच्याकडे गेलो. चाचा भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी मोबाईल बंद केला आणि समोर बसलो. त्यांनी माझा हात धरला.

"जे... जेव... जेवला?"

मी नुकताच मेहुण्याबरोबर पोटभर जेवून आलो होतो. जेवताना आम्ही सकाळच्या प्रकारावर हसलोही होतो.

"न्हाई, चाचा," मी म्हणालो.

त्यांनी चाचींना खूण केली. ताट आलं. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. मान खाली घालून मी दुसऱ्यांदा जेवलो.