सूर्यभानजींची साखरबंदी

रोज सकाळी सूर्यभानजी ओट्यावर स्पिरिटचा दिवा पेटवत, काचेच्या नळीत औषध घालून स्वतःची लघवी उकळत आणि अख्ख्या गल्लीला निकाल ऐकवत, "निळा! साखर नाही!" रंग विटेसारखा लाल निघाला की मात्र दार धाडकन बंद. बालाघाटच्या जंगलखात्यात कारकून असलेला हा माणूस एकटाच राहायचा. मधुमेहाला ते 'आमची बाई' म्हणत, कारण घरात हुकूम सोडणारं दुसरं कोणीच नव्हतं.

गोडाशी त्यांचं उभं वैर. आम्ही त्यांचे शेजारी; आमच्या पोरीच्या बारशालासुद्धा त्यांनी दारातूनच बजावलं, "मी कितीबी गयावया केली तरी मले गोड देजा नोका. खा शपथ!" आम्ही दोघा नवराबायकोंनी खाल्ली.

एका सकाळी निकाल आलाच नाही. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, म्हणून आम्ही धावलो. सूर्यभानजी जमिनीवर बसलेले, घामानं निथळत, हात थरथरत. "गूळ... गूळ द्या ना जी," ते पुटपुटले.

"पाह्य, आजारच बोलून राह्यला त्याइच्या तोंडून," मी शांताला, माझ्या बायकोला, शहाणपणानं म्हणालो आणि त्यांचे हात धरून ठेवले. त्यांनी मला शिव्या हासडल्या. इन्सुलिनची सुई टोचायची राहिली असणार, असं मला वाटलं. माठाजवळच्या ओल्या फडक्यातली बाटली मी उचललीसुद्धा.

"थांबा!" शांता ओरडली. सुईची उकळलेली पिचकारी अजून ओली होती आणि पोळ्या तशाच झाकलेल्या. "सुई घेतली, पण जेवले नाही. अंगातली साखर सारी उतरली अशीन. अजून टोचता काहून?"

"पण शपथ?"

"चुलीत गेली शपथ!"

तिनं धावत घरून साखर आणून पाण्यात कालवली. वाटी त्यांच्या ओठांशी धरली. चुकलो असतो तर त्यांचा जीव आमच्या हातून गेला असता. ते घटाघटा प्यायले. नंतरची पंधरा मिनिटं मी घड्याळाकडे पाहत होतो आणि मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालत होतो. बाटली उघडायचीच काय ती बाकी होती.

हळूहळू त्यांचा घाम ओसरला. त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं.

"कोनं देल्लं गोड?"

"मी जी," शांता चाचरत म्हणाली.

आता फैलावर घेणार, म्हणून मी मधे सरसावलो. पण ते भिंतीकडे पाहू लागले.

"उद्याबी येशीन का, पोरी?"

"काहून जी?"

"सुई टोचली का मले एकट्याले लय भेव लागते. माह्या दोन पोळ्या खाऊन होयेपर्यंत बसजो फक्त."